मुंगीएवढं

प्रूफ आलं तेव्हा सगळं जागेवर होतं.
फक्त पान एकोणचाळीसवर, फोटोखाली, कंसात
(लेखकाच्या संग्रहातून).

संग्रह म्हणजे चपलांचं रिकामं खोकं.
आणि हा फोटो मी पापाच्या तिकटीजवळ
एका रद्दीवाल्याकडून घेतलेला, वीस रुपयांना,
दोन जुन्या पंचांगांसोबत.

गंगावेशीतली पहाट. कट्ट्यापाशी म्हैस उभी.
तालमीतला एक पोरगा धारोष्ण दुधाचा पेला संपवून
नुकता मान खाली घेतोय.
ओठांवर फेसाची मिशी,
खरी फुटायला अजून दोन वर्षं असावीत.
कोपऱ्यात एक कुत्रं, हललेलं, निम्मं धूर झालेलं.

वीस रुपयांत कागद माझा झाला.
पहाट कशी होईल?

मागे जांभळा शिक्का, ओलीनं खाल्लेला :
…काश फोटो स्टु…
मी आकाश शोधला, प्रकाश शोधला.
महाद्वार रोडला एकजण म्हणाला,
अवकाश पण होता की,
पुरात बसला तो उठलाच नाही.

प्रकाशचे इंगवले भेटले नातवाच्या दुकानात,
मोबाइलच्या कव्हरांखाली खुर्ची टाकून.
फोटो उलटा करून आधी शिक्का बघितला, मग सुलटा.
"शिक्का आमचा. फोटू नव्हं.
आमी नुसता धुतला.
धुतलं म्हणून धोतार आपलं हुतंय व्हय?"
मग बराच वेळ गप्प.
"दिलशादनं काढला असंल. टचिंगला हुती.
गिऱ्हाइकाचा कॅमेरा दुरुस्त झाला
की एक फोटू मारून बघायची."

दिलशाद मुजावर, सदर बाजार,
मिरच्या वाळत घातलेली गच्ची.
तिनं फोटो लांब धरला, जवळ धरला,
पोराकडं बघितलंच नाही.
"ही शेवंता. आटल्यावर इकली तिला."
आणि कुत्र्यावर बोट ठेवून,
"ह्ये हललं म्हणून मालक वराडलं हुतं.
फुकट गेला म्हणालं. टाकून दिला."

म्हणालो, खाली तुमचं नाव छापायचंय.
"केवढं?"
मी करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं.
"म्हंजे मुंगीएवढं."
ती मिरच्या परतत राहिली. मला ठसका लागला.
"चालंल की. मुंगी दिसली
तर साखर कुठं सांडलीया, बघतंय माणूस."

परत येताना घाटावर गाडी लावली, उगीच.
पायऱ्या कोरड्या होत्या.
विशी-बाविशीत मी एका कवितेत लिहिलं होतं,
नदी पायऱ्या उतरत नाही, चढते,
उतरतात ती माणसं.
टाळ्या पडल्या होत्या. एक शाल पण मिळाली.
ओळ माझी नव्हती.
चिखलीच्या पत्र्यावरून आम्हाला उतरवून घेताना
एक नावाडी बोलला होता ते, वल्हं मारता मारता,
माझ्याकडं न बघता.
नाव त्याची होती.
नाव माझं लागलं.

त्याच्या पाठीवर कुठला शिक्का नव्हता,
जांभळा, पुसका, निम्मा तरी.
चिखलीत दोनदा जाऊन आलो.
त्या पुरात सगळ्यांनीच वल्ही मारली, म्हणाले,
तुमचा नेमका कुठला?

रात्री प्रेसला फोन केला.
कंसातला मजकूर बदला.
पलीकडून, साहेब, नाव लांब आहे,
ओळ खाली सरकते, पान फुटतं.
म्हणालो, फुटू दे.

आणि ह्या कवितेतली मुंगी दिलशाद मुजावर यांची आहे.
धोतर इंगवल्यांचं.
कुत्रं कुणाचंच नव्हतं,
ते अजून हलतंय.