दिसेल अशी

परवा रात्री शब्दकोशात एक शब्द भेटला,
फ्रेंचांच्या घरून इंग्रजीत आलेला.
आँप्रेसमाँ. शेवटचा टी लिहायचा, म्हणायचा नाही.
पंख्याच्या घरघरीत मी दोन-तीनदा म्हणून पाहिला.
अर्थ: अगत्य, उत्सुकता;
आणि स्वल्पविरामानंतर, दिसेल अशी.

इतक्या वर्षांत इंग्रजीने त्याला आत घेतलं नाही.
अजून तिरप्या अक्षरांत उभा आहे उंबऱ्याशी,
चपला काढाव्यात की नाही ते न कळलेल्या पाहुण्यासारखा.
आपल्याकडे खुर्ची कुठून आली
कुणी विचारतं का? आली, बसली.

मी मात्र त्या 'दिसेल अशी'पाशी अडलो.
दाखवायचं ते खोटं, असंच वाटत आलंय मला.
तालुक्याचे साहेब यायचे तेव्हा आम्हीच नाही का
पोरांच्या हाती गुच्छ देऊन उन्हात दोन-दोन तास

असो. सकाळी मतदार यादी घेऊन निघालो.
येवतखेड, वॉर्ड तीन, एप्रिल.
खारपाण पट्ट्यातलं गाव. हापशीला पाणी आहे,
पण त्याचा चहा केला तर दूध फाटतं,
साबणाला फेस येत नाही,
भांड्यांच्या बुडाशी पांढरं काहीतरी साचत राहतं.
गोडं पाणी आठव्या दिवशी, नळाला, पाऊण तास.

देविदास तायड्यांच्या दारात गाडी लावतो न लावतो
तोच आत पळापळ.
"या ना सर! काऊन उभे रायले उनात?"
पंचफुलाबाईंनी खुर्ची आणली,
पदरानं पुसली. स्वच्छच होती. पुन्हा पुसली.
कूलरचं तोंड वळवलं माझ्याकडे,
झोपलेल्या म्हाताऱ्याकडून.
"पोरी, सरायले पानी आन वं! थंडं आन!"
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं.

श्रावस्ती आली, सातवीतली.
स्टीलचा ग्लास काठोकाठ,
खाली ताटली, थेंब सांडू नये म्हणून.
प्यालो. गोड होतं.

दाराच्या फटीतून स्वयंपाकघर दिसत होतं.
पोरीने दुसऱ्या माठात ओगराळं घातलं,
डोळे मिटून प्याली,
तोंड वाकडं केलं, ओठ पुसले.

मग मी अर्धा ग्लास तसाच ठेवला.
हिशोब केला होता मनात: आठवा दिवस, पाच माणसं.
माझाही चांगुलपणाच होता तो,
फक्त आतल्या आत.

पंचफुलाबाई बोलायच्या थांबल्या.
ग्लासाकडे पाहिलं. मग माझ्या आडनावाकडे,
म्हणजे छातीवरच्या ओळखपत्राकडे.
देविदासने यादीवरून मान वर केली नाही.
"नसन पीत तं राहू द्या सर,"
इतक्या हळू, की कूलरच्या आवाजावर येईना.

माझा आजा विहिरीवर कुणाला
किती हात लांब उभं करायचा,
ते मी घरात ऐकलेलं आहे.
त्यांनीही ऐकलं असेल त्यांच्या घरात.
गाव वेगळं. विहीर वेगळी नव्हे.

उचलला ग्लास. मान मागे टाकून, एका दमात,
घोट मोजता यावेत असा घटाघटा.
हनुवटीवरून शर्टावर ओघळलं,
वाया गेलं थोडं. जाऊ दिलं.
मग म्हणालो, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं,
"वा बाई! पानी म्हनाव तं असं!"
साहेबांच्या स्वागताचाच आवाज लागला,
दुसरा मला येत नाही.

देविदास हसला. यादीतल्या एका नावावर बोट ठेवून म्हणाला,
"हे कापा सर, मायचं. दिवाळीतच गेली."
पंचफुलाबाईंनी आता टेबल पुसायला घेतलं.
"पोरी, सरायले अजून आन वं!"

श्रावस्ती समोर उभी आहे.
ग्लास काठोकाठ, खाली ताटली.
ती ग्लासाकडे पाहते आहे,
आणि सगळे माझ्याकडे.