काजूखालची मूठ

वाळपईच्या स्टँडवर पहाटे पाचला माझा नंबर पहिला.
त्यासाठी नगरगावहून साडेचारला निघावं लागतं,
शर्टाच्या आत कालचं वर्तमानपत्र घालून
(आजचं अजून पणजीहून यायचंय),
हातांत मुलीचे शाळेचे पायमोजे,
अंगठ्यापुरतं भोक पाडलेले.
पिवळा मडगार्ड धुक्यात माझ्याआधी दोन हात पुढे जातो.
मला दिसतो तो तेवढाच.

मेस्तांच्या सगुणने परवा नवी गाडी घेतली.
चहा पिता पिता म्हणाला,
बाप्पा, हिवाळाभर पहाटेची चालवली
की हात सुधारतो म्हणतात. खरं?

मी आधी हसलो.
हिवाळा म्हणजे कुठला रे?
कळंगुटला लोक अर्ध्या चड्डीत फिरतात.

मग म्हटलं, ऐक.
पावसात रस्ता ओरडून सांगतो, मी ओला आहे.
चार महिने सांगतो,
आंधळ्यालाही कळतं.
पौषात तो बोलत नाही.
कोरडा दिसतो, कोरडाच असतो,
फक्त जिथे काजू वाकलाय तिथे
रात्रभर पानांवरून दंव ठिबकलेलं असतं.
झाडाखाली चार हात ओलं, पुढे कोरडं,
पुढच्या झाडाखाली पुन्हा ओलं,
आणि त्यावर खाणीच्या दिवसांतली लाल माती,
जी अजून ट्रकांची वाट बघते आहे.

वीस हिवाळे मी चालवली होती तेव्हा.
वीस!
ब्रह्माकरमळीचं वळण झोपेत घेतलं असतं,
घेतलंही असेल.
मागे रुक्मा गावस, मांडीवर अबोलीची परडी,
शुक्रवार, म्हापशाचा बाजार,
सहाची बस.
ब्रेक मारला नाही मी. मूठही वाढवली नाही.
गाडी नुसती बाजूला निघून गेली,
जसं माणूस बोलता बोलता उठून जातो.

तिला कोपराला खरचटलं. मला तेही नाही.
ती उठली, आणि रस्त्यावर बसून
अबोली वेचू लागली, गाडीच्या दिव्यात,
एकेक, फुंकर मारून.
मी म्हटलं, मावशी, राहू द्या.
ती म्हणाली, वळेसर झालेत त्यांना काही झालं नाही,
सुट्ट्यांचं बघते.
माझे हात थरथरत होते. थंडी एवढी नव्हती.
परडी भरली तशी ती पुन्हा मागे बसली,
खांद्यावर हात ठेवला,
म्हणाली, सवकास वच. पण बस चुकवू नकोस.

बस मिळाली.
तिने भाडं दिलं. मी घेतलं,
याची लाज आजही वाटते.

आता तूच सांग, सगुण.
वीस वर्षांत हात सुधारला होता म्हणूनच
तो झोपला होता ना?
आणि त्या पहाटेनंतर तो भित्रा झाला.
खांद्यावर कुणाचा हात आला की
आपणहून जरा हळू होतो.
त्याला सुधारणं म्हणायचं तर म्हण,
मला अजून कळलेलं नाही.

सगुण काही बोलला नाही. चहाचे पैसे त्याने दिले.
गाडीला किक मारायची सवय नाही त्याला,
बटण दाबतो.
गेला, भर्रकन.

आणखी एक सांगायचं राहिलं त्याला.
तो काजू रुंदीकरणात तोडला, तीन वर्षं झाली.
तिथे आता ऊन पडतं, डांबर पांढरं पडलंय,
एप्रिलमध्ये तर अंडं फोडलं तर शिजेल.
तरी तिथे आलो की
माझी मूठ सैल होते.
मागचा विचारतो, काय झालं?
मी म्हणतो, काही नाही,
झाड आहे.