मुदत

"तुपे, एवढं एक बघून जा."
हे एवढं एक पावणेआठला निघतं
आणि संचेतीजवळच्या पुलावर
एकटदुकट रिक्षा उरेपर्यंत संपत नाही.

खळदकर सर चष्मा कपाळावर चढवून
कैफियतीतला स्वल्पविराम हलवतात,
पुन्हा होता तिथे ठेवतात.
डबा खुर्चीखाली, सकाळचा, तसाच.
शिकवतात मात्र जीव ओतून, खोटं कशाला बोलू?
उलटतपासणीत कुठे गप्प बसायचं
ते त्यांच्याकडूनच शिकले.

म्हणून काल आधी गप्प बसले.
मग म्हटलं, "सर, आठनंतर मी थांबणार नाही.
रविवारी फोनही नको."
बसमध्ये चारदा घोकलेलं वाक्य,
तरी शेपटाला 'माफ करा' लागलंच.

"सीनियरच्या घरचं दळण आणलंय आम्ही."
"हो सर."
"पक्षकार घड्याळ बघून अडचणीत येत नाही."
"हो सर."
"आणि आठनंतर काय करणार?"

दुसऱ्यांसाठी किती तारखा मागितल्या,
आजारपणाची, लग्नाची, कुणाच्या बाराव्याची कारणं देऊन.
स्वतःसाठी एकही सुचेना.
"काही नाही, सर."

बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले,
साक्षीदार अचानक खरं बोलला की बघतात तसे.
"उद्या साडेदहा. उशीर नको."

जिन्यात असताना वर काहीतरी खटकन वाजलं.
डब्याची कडी असेल,
किंवा पुढच्या फाइलीची क्लिप.

पुलगेटपाशी फोन वाजला. सर.
मी वाजू दिला.
पर्सवर हात घट्ट दाबून,
हडपसर येईपर्यंत.