येतो

रात्री साडेनऊला बेल वाजली.
ट्रेसीच्या हातात फाईल,
लेकराच्या हातात दोन काळ्या पिशव्या,
कचऱ्याच्या असतात ना, त्या.
चौदाव्या वर्षी सातवं घर,
आणि अजून कुणी साधी बॅग दिली नव्हती.

फाईलवर एक नाव होतं.
ट्रेसी ते वाचत असताना
लेकरू बुटांकडे बघत राहिलं,
दवाखान्यात दुसऱ्याच कुणाचा नंबर पुकारावा तसं.
मी विचारलं, "तुला काय म्हणू?"
उत्तर नाही.
"डाळभात चालेल?"
खांदे उडाले.

मिरजेहून कुंदाचा फोन:
"काय गं, मुलगा की मुलगी?"
बाळंतिणीच्या खोलीबाहेर विचारतात, त्याच आवाजात.

एकतीस वर्षं ग्रिम्सबीच्या हॉस्पिटलात
हेच तर काम केलं मी.
नाळ कापायच्याही आधी
ओल्या, निळसर, ओरडणाऱ्या जिवाकडे एक नजर टाकून
मीच जाहीर करायचे.
कुणी कधी उलटून विचारलं नाही:
बाई, तुम्हाला कसं कळलं?

कुंदाला म्हटलं, "लेकरू आहे.
आलंय. थोडंसं जेवलं. झोपलंय."
बरी आपली भाषा,
तिला एक पडवी आहे.
दमूनभागून आलेलं कुणीही तिथं टेकावं.
पण पडवीत कुणाला जन्मभर ठेवत नाहीत.

मग कळत गेलं, तुकड्यातुकड्यानं.
आधीच्या घरी जेवणाआधी
सगळे डोळे मिटून प्रार्थना करायचे,
ह्याच्यासाठी, ह्याच्यादेखत,
फाईलवरच्या नावानं.
बटाटे गार व्हायचे.

बाराव्या दिवशी, भांडी पुसता पुसता,
माझ्याकडे पाठ करून:
"विल्फ.
आजोबांचं नाव. ट्रॉलरवर होते.
फाटलं जाळं सांधायला त्यांनी शिकवलं मला."

बाराव्या दिवशी, बघा.
पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, आत्याचं कुर्र नाही.
ज्याचं नाव त्यानंच सांगितलं,
मी ओल्या हातांनी ऐकलं.

त्या रात्री विचारलं, "जेवलास का रे?"
"हे काय म्हणालीस?"
सांगितलं, आमच्याकडे क्रियापदालाही
कळावं लागतं कोण जेवलं ते.
काटा खाली ठेवला त्यानं.
"प्रत्येक वाक्यात?"
"जवळजवळ."
"पुन्हा म्हण."
"जेवलास."
"पुन्हा."
तीनदा जेवला बिचारा एका ताटात.

सगळं गोड झालं असं नाही.
नोव्हेंबरात एका रात्री निघून गेला,
शाळेत कुणी काय बोललं ते आजतागायत सांगितलेलं नाही.
दोन वाजता डॉकपाशी सापडला,
माशांच्या रिकाम्या क्रेटवर बसलेला, ओठ काळेनिळे.
पोलिसानं विचारलं, "ही तुमच्याकडे राहते?"
मी म्हटलं, "राहतो."
थर्मासमधला चहा त्याला दिला आणि गप्प बसले.
रागवायचं होतं, ते दुसऱ्या दिवशी रागावले,
कुठल्याही पोराला रागावतात तेवढंच.

ट्रेसी म्हणते, कॉम्प्युटर नवं नाव घेत नाही.
दर भेटीला मी पेन्सिलनं लिहून देते.
दर भेटीला ती म्हणते, बघते.

बाजारातून बॅग आणली, निळी, चाकांची.
ती त्यानं पलंगाखाली सारली, आडवी,
आणि कपडे अजून पिशव्यांतच होते.
ईस्टरनंतर कधीतरी खण उघडला तर मोजे दिसले,
जोड्या लावलेले.
मी काही बोलले नाही. खण लावला.

आज आईला भेटायला स्कन्थॉर्पला निघाला.
टॅक्सी दाराशी.
ज्या घरातून निघाला
तिथं तो परत कधी गेलेला नाही,
म्हणून निघायचं म्हटलं की पोटात कळ येते त्याच्या.
मी बोलले होते कधीतरी:
आमच्यात घरातून निघताना
जातो म्हणत नाहीत.

बुटाची नाडी बांधता बांधता,
मान वर न करता,
ग्रिम्सबीच्या जड जिभेनं म्हणाला:
"येटो."

मी दोघांपुरता भात धुवायला घेतला.