मपलं माप

केजच्या बसस्टँडामागं, बांगड्यांच्या दुकानाला लागून
मपली मशीन.
सव्वीस वर्षं झाली बायांचे ब्लाउज शिवते.
अकरा वह्या भरल्या.
नावाम्होरं छाती, कंबर, मुंढा, बाही,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात
टेपावर येत नाही ते:
केवळाबाई, पाठीला हात लावू देत नाही.
तांदळे मॅडम, दर दिवाळीला दोन इंच. बोलायचं नाही.

द्वारका आली मार्गशीर्षात,
पोरीच्या लग्नात घालायचं मोरपंखी कापड घेऊन.
टेप काखेतून ओढला
तशी डाव्या अंगानं आक्रसली.
"दुखतंय का गं?"
"दुखत नाही ना. दुखलं असतं तर सांगितलं असतं कुणाला."
मी मागचं पान काढलं, आखाडातलं.
आकडा तोच होता.
पण माझ्या बोटाला काहीतरी लागलं होतं,
आणि बोटाला वही लागत नाही.

"तवा हरभऱ्याएवढं व्हतं," ती म्हणली, भिंतीकडं बघत.
"आता बोराएवढं हाय.
लगीन होऊन जाऊ दे, मग बघू."

कापड घडी करून फळीवर ठेवलं.
म्हणलं, कातर लावणार नाही.
अंबाजोगाईला जा, सरकारी दवाखान्यात,
तिथली चिठ्ठी दाखव, मग शिवते.
लई बोलली मला.
दुसरीकडं टाकते म्हणली. टाक म्हणलं.
पण कापड न्यायला आली नाही.

नऊ दिवसांनी चिठ्ठी घेऊन आली.
मला इंग्रजी येत नाही, तिलाही नाही.
दोघी बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसलो,
जसं काही तो आपण होऊन बोलंल.
मग ती म्हणली,
"डॉक्टरीण म्हणली, बरं झालं आत्ता आलात."

लग्न वैशाखात झालं.
मोरपंखी ब्लाउजाला डावीकडं आतून
कापसाची घडी शिवली होती.
ते वहीत लिहिलं नाही.
अक्षता टाकताना आम्ही दोघींनी
एकमेकींकडं बघितलं नाही.

सुदामतीचं पान मात्र मला अजून उघडवत नाही.
उसाच्या तोडीवरून आली, अंगावरून जातंय म्हणली,
पहिल्याच दवाखान्यात सांगितलं, पिशवी काढून टाका.
एकोणतीस वय.
आणखी एका डॉक्टरला विचार,
एवढं एक वाक्य कुणीच म्हणलं नाही.
मी पण नाही.
मी तवा नुसती कंबर मोजत होते.

परवा झेडपीच्या शाळेत तपासणीचं शिबिर लागलं.
द्वारकेला सोबत म्हणून गेले.
सिस्टर म्हणली, मावशी, तुम्ही पण बसा.
म्हणलं, मला काय झालंय?
ती म्हणली, झाल्यावर यायचं असतं असं कुणी सांगितलं?

दंडाला निळा पट्टा गुंडाळला.
फुगत गेला, आवळत गेला,
मी मनात म्हणलं, बाई गं, एवढी तंग बाही
मी कुणाची शिवली नाही.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी मपलं माप घेत होतं.

सिस्टरनं दुसऱ्यांदा फुगवला.
"डोकं दुखतं का?"
"ते मशीनमुळं."
"किती दिवसांपासून?"
"मशीन आहे तवापासून."
ती हसली नाही. लिहीत राहिली.

रात्री अकराही वह्या चाळल्या.
सगळं गाव होतं,
मेलेल्या बाया होत्या, माहेरी गेलेल्या होत्या,
मी कुठंच नव्हते.
बारावी वही उघडली. पहिलं पान.
प्रयागा.
वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे चार.
गोळी सकाळी एक. मीठ कमी.
पुढच्या मंगळवारी परत दाखवायचं.

कंबर अजून मोजली नाही.