वाल्व

सावद्याला, केळीच्या वजनकाट्यामागे
लोटन मिस्तरीचं दुकान होतं, पत्र्याचं.
माणूस मूळचा शिंदखेड्याकडचा, बोली तशीच ठेवलेली.
मी अकराव्या वर्षी तिथे पाना धरायला गेलो
आणि पाना धरता धरता मिशी फुटली.

फ्रीज यायचे.
आंदणातले, डेअरीतले, दवाखान्यातले लशींचे,
एकदा एक शवपेटीसुद्धा, रिकामी.
आधी वाल्व उघडायचा,
जुना वायू मोकळा करायचा, मग नवा भरायचा.
पहिला धडा हाच.
सूंऽऽऽ
वास नाही, धूर नाही, रंग नाही.
बोट धरलं तर नखावर दव जमायचं.
मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत, दव!
"देख रे भो," मिस्तरी हसायचा, "फुकटनं तोरणमाळ."

कुठे जातो हा, मी विचारलं होतं.
त्याने नुसती मान वर केली.
पत्र्याला खिळ्याएवढं भोक होतं,
त्यातून उन्हाची एक कांडी
सरळ आमच्या हत्यारांवर उभी राहायची.

मग कधीतरी जळगावहून एक साहेब आला,
पाटीवर गोल काढला, गोलाभोवती पातळ रेघ.
म्हणाला, ही पृथ्वी, ही तिच्यावरची ओढणी,
तुमचा वायू वर जाऊन हिचे धागे उसवतो.
शंभर-शंभर वर्षं उसवत राहतो.
चहा झाला, प्रमाणपत्रं वाटली.
मिस्तरी बाकावरून उठेना.
"म्हंजे मी सोडेल गॅस आजून तठेच शे?"
साहेब फोटोसाठी रांग लावत होता.

मी हिशेब मांडत नाही.
पण घडांना आता निळ्या पिशव्या घालाव्या लागतात,
तरी कडेच्या ओळीतल्या घडांवर
उन्हाकडच्या अंगाला काळा चट्टा उठतोच.
केळफुलाशी दहानंतर माशी फिरकत नाही.
विहिरीतली बेडकाची अंडी
पांढरी पडून कठड्याला चिकटलेली मी पाहिली,
का, ते मला सांगता येणार नाही.
आणि परवाच्या वैशाखात
शाळेमागच्या चिंचेवरून वटवाघळं पडली,
दुपारी, एकेक, पिकल्या केळासारखी
टप्.
पोरं त्यांना पाणी पाजत होती, बाटलीच्या झाकणाने.

फैजपूरच्या शिबिरात मिस्तरीचे डोळे तपासले.
दोन्हीकडे दुधाची साय.
तडवी डॉक्टरबाई म्हणाल्या, वय आहे, साखर आहे,
उन्हात गेलेली वर्षं आहेत, वेल्डिंग आहे.
कशाचा वाटा किती, ते डोळा सांगत नसतो.
मिस्तरी हळूच माझ्या कानात:
"वाल्वनं नाव नही लिधं तिनी."

पट्टी सुटली तेव्हा तो म्हणाला, निळं.
सगळं किती निळं.
भिंत निळी, नर्सचं पातळ निळं,
खिडकीतलं तर बघवेना.
काळा चष्मा लावून दिला.

येताना गाडीवर, मागून, वाऱ्यात ओरडून विचारलं,
ते वरचं बुजतंय म्हणतात, खरं का?
खरं आहे, म्हटलं. सावकाश.
कधी?
तुम्ही नसाल. मीही बहुतेक नसेन.
पुढे सबंध रस्ताभर
कोल्ड स्टोरेजचे पंखे आमच्यावर गरम फुंकत होते.
ह्यांचा वायू वेगळा, ओढणीला बराच कमी झोंबतो,
पण खालची भट्टी पेटवतो.
ते मी सांगितलं नाही. डोळे ओले करायचे नव्हते,
डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

आज पिकवणीच्या खोलीचं यंत्र खोललं.
वायू सोडला नाही, ओढून टाकीत घेतला,
दुपार गेली, मालक दोनदा चिडून गेला.
टाकी काट्यावर ठेवली:
वायू चार किलो दोनशे.
मिस्तरी काळ्या चष्म्यात स्टुलावर बसला होता.
आकडा त्याने दोनदा विचारला.
मग चाचपत उठला,
चावी मी घट्ट फिरवलेलीच होती,
तरी त्याने ती
पाव आटा
आणखी फिरवली.