तपासणी

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकोणतीस वर्षं
मी वेगळं दिसेल ते बाजूला काढत आलो.
ताव उचलायचा, उजेडाला धरायचा,
शाई फिसकटलेली, रेघ सरकलेली,
एखादा आकडा शेजाऱ्याला चिकटलेला,
की लाल खूण. बाद.

आणि काल रात्री लेक विचारते,
पप्पा, माझ्यात वेगळं काय आहे?
साडेसहाशे शब्दांत सांगायचंय त्यांना.

त्यांना म्हणजे समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाला,
जिथे शंभर अर्जांतले चार घेतात.
मी मनात आकडा उलटा केला. शहाण्णव बाद.
एवढे ताव आमच्याकडे बाद निघाले असते
तर साहेबांनी मशीनच थांबवली असती.

गंगापूर रोडला, काचेच्या केबिनमध्ये,
केतकी मॅडमनी तिचे मार्क हलकेच बाजूला सारले.
मार्क सगळ्यांनाच असतात, म्हणाल्या. गोष्ट हवी.
गेल्या वर्षीच्या सहा मुलांचे फोटो दाखवले.
सहाही जण रामकुंडावर, हातांत रबरी मोजे,
निर्माल्याची पिशवीसुद्धा बहुतेक तीच, निळी.
मी सवयीने फरक शोधू लागलो.
माझ्या टेबलावर सहाही पास झाले असते.

घरी काही स्ट्रगल? त्यांनी मला विचारलं.
मी ओशाळलो. क्वार्टर आहे, पगार वेळेवर होतो,
हिच्या आईची अंगणवाडी चालू आहे.
मूळव्याध आहे एक, पण ती माझी.

मग मित्रा म्हणाली, माझ्याकडे वही आहे.
चौथीपासूनची. गोदेला पाणी चढलं
की दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं, ते लिहिते.
चार ऑगस्ट, दुपारी, गुडघे.
संध्याकाळी, कंबर.
एका वर्षी नुसतंच: आज दिसला नाही.
कधी मी नेलं तिला, कधी दोंदेकाकांनी रिक्षातून;
एकदा अंगात ताप होता तेव्हा
घाटावरच्या पितळी भांडीवाल्या बाईंना फोन करून
किती वर आलं, विचारत होती दर तासाला.

मॅडम म्हणाल्या, क्यूट आहे. पण इम्पॅक्ट काय?

आठवड्याने निबंध आला, घासूनपुसून.
त्यात मी होतो, दुसऱ्याच परिच्छेदात:
शाईने काळवंडलेल्या हातांनी माझे वडील
रात्रंदिवस पैसे छापतात, जे कधीच त्यांचे नसतात.
वाक्य छान होतं. मी कागद ट्यूबलाइटला धरला.

मित्रा, माझे हात कधी काळे नव्हते गं.
छपाईवाल्यांचे होतात. मी तपासणीला.
आमचे हात स्वच्छच लागतात,
नाहीतर डाग मशीनचा की आपला
हे कळणार कसं?

बराच वेळ ती लुकलुकणारी रेघ बघत बसली.
मग ते वाक्य गेलं. त्याच्यामागून वरचं, खालचं,
मॅडमचं सगळं बिऱ्हाड.
उरली वही. गुडघे, कंबर, छाती,
आणि तो न दिसलेला दिवस,
ज्या दिवशी काय मोजावं हे नऊ वर्षांच्या मुलीला
कळलं नव्हतं, आणि अजून नीटसं कळलेलं नाही,
असं तिने लिहिलं.
चारशे अकरा शब्द झाले.
भरू का अजून?
मी म्हटलं, मोजणारी तू आहेस.

मुदत त्यांच्या मध्यरात्रीची,
म्हणजे आपले सकाळचे साडेदहा.
मी पहिल्या पाळीला होतो. फोन आत नेऊ देत नाहीत.
त्या दिवशी एक ताव मी दोनदा तपासला
आणि दोन्हीदा काय पाहिलं ते आठवेना.

सुटल्यावर गेटवर हात वर केले.
जवानाने खिसे चाचपले, काखा, मोजे.
काही नाही, जा.

लॉकरमधला फोन उघडला तर तिचा निरोप:
पाठवलं पप्पा.
एक स्पेलिंग चुकलंय, आत्ता दिसलं.

उन्हात उभा राहून मी एका बोटाने लिहिलं:
कुठलं, ते मला सांगू नकोस.